पंपघरातले अण्णा

अण्णांना पंपाचा आवाज ऐकू यायचा नाही. जालन्याच्या एका पोलाद कारखान्याच्या पंपघरात उभी हयात काढून त्यांचे कान बधिर झाले होते. ते पंपावर तळहात ठेवायचे, तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि दुखणं सांगायचे.

शतक बदललं त्या सुमारास मी तिथे नवी इंजिनिअर म्हणून लागले. पंपातलं पाणी आतून कसं वाहतं, हे कंप्युटरवर मांडून पाहणं माझं काम. तेव्हा भट्टीला गार पाणी पुरवणारा मोठा पंप आजारी होता. त्याचा आतला पंखा वर्षात तीनदा बदलला, तिन्ही वेळा त्याची चाळण झाली. साहेबांनी निष्काळजीपणाची नोटीस अण्णांच्या हाती दिली. निवृत्तीला सहा महिने उरले होते.

"याला पाणी कमी पडून राह्यलंय, ताई," अण्णा म्हणायचे. "तहानलेलं जनावर वैरणीला तोंड लावतं का? तसंच हाय हे."

दाब फार उतरला की थंड पाणीही उकळतं. त्याचे बुडबुडे होतात आणि फुटताना लोखंड कुरतडतात. मला तेच शोधायचं होतं. पण चार दिवस गणित चालवून आलेल्या चित्रात बुडबुडाच नव्हता. म्हणजे दोष अण्णांचा. चित्र त्यांना दाखवताना माझी मान वर होईना.

त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. "हौदात पाणी किती धरलं तुम्ही?"

"नकाशात आहे तेवढं. काठोकाठ," मी मोठ्यानं म्हणाले.

"मंग चला."

पंप ज्या हौदातून पाणी ओढायचा, त्याच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं रेघा मारल्या होत्या. सगळ्यात खालची काठापासून माझ्या उंचीहूनही खोल. "चैत्र लागला की पाणी हितंच असतंय. नकाशा काढणारा साहेब पावसाळ्यात आल्ता."

मी तो आकडा घातला. या वेळी बुडबुडे उठले, नेमके पंख्याची पाती जिथे कुरतडली होती तिथेच.

पंप खाली, पाण्याजवळ उतरवून बसवला. नोटीस मागे घेतली. अहवालात मी लिहिलं होतं, 'पाण्याची खरी पातळी अण्णांनी दाखवली.' साहेबांनी ती ओळ खोडली. "अहवालात असलं नसतं." मी वाद घातला नाही. सही केली.

प्रत पाहून अण्णांनी विचारलं, "यात माझं नाव कुठं हाय?" मी ती प्रत घडी करून पिशवीत ठेवली. "असू द्या. पंप बराबर चालतोय ना?" म्हणून ते कामाला लागले.

निवृत्तीनंतर ते अंबडला गेले आणि तीन वर्षांत वारले. मला उशिरा कळलं. घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीनं माझे दोन्ही हात धरले. "तुमीच का त्या कंप्युटरवाल्या ताई? ते सगळ्यायला सांगायचे, त्या पोरीनं माझी इज्जत राखली म्हणून."

त्यांचं नाव मीच खोडू दिलं, हे सांगायचं होतं. त्यांनी चहा पुढे केला. मी तो प्याले आणि उठले.