गावभर दाखवलेले दात

चहा तोंडात असेल तर आधी गिळून घ्या. हा किस्सा ऐकणाऱ्याच्या तोंडातल्या चहानं एक पांढरा शर्ट वाया गेलाय, आणि तो शर्ट माझाच होता.

मला रोज वही लिहायची सवय. शाळा सातवीला सुटली, वही सुटली नाही. पाऊस किती वाजता आला, चंदगडची एसटी किती उशिरा सुटली, भाजीत मीठ कमी होतं का जास्त, सगळं लिहितो. शाहूपुरीत मोटरपंपाच्या दुकानात माल सांभाळायचो. साधा वायसर असला तरी दोनदा बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचो नाही. असा मी काटेकोर माणूस! म्हणून तर हे जास्त लागतं.

दोन हजार आठ-नऊची गोष्ट. आमची प्रज्ञा नुकतीच दहावी झालेली. तिचे वरचे दोन दात जरासे पुढं. फार नाही, पण शाळेत कुणी काय चिडवलं कुणास ठाऊक, पोरगी हसताना ओढणी तोंडावर धरायला लागली. मग हसणंच कमी झालं. फोटोत तर ओठ असे मिटलेले, जणू पोस्टाचं पाकीट चिकटवलंय. लहानपणी हिचं हसणं शिवाजी पेठेत आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या तालमीपर्यंत ऐकू जायचं हो! ते हसणं गेलं कुठं?

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी प्रज्ञाच्या दातांचं माप घेतलं. आणि मी बसलोच होतो, तर माझंही घेतलं. गेल्याच आठवड्यात मटणाची नळी फोडताना माझी दाढ फुटली होती, तिला टोपी बसवायची होती.

बाई म्हणाल्या, "हिला तार लावता येईल. किंवा आता नवीन पारदर्शक ट्रे आलेत. मुंबईहून करून येतात. दातांवर बसवले तर पटकन दिसतही नाहीत. फक्त जेवताना काढायचे, आणि बाकी दिवसभर न चुकता घालायचे. हिच्या दातांना दोन्ही चालेल. तुम्ही ठरवा."

प्रज्ञा लगेच म्हणाली, "पप्पा, ते न दिसणारं घेऊया की. कॉलेजात पहिल्याच दिवशी तारा नकोत."

आता बघा, इथंच विषय संपायला हवा होता. का नाही संपला? कारण मी! आम्ही कोल्हापूरकर साधी चप्पल घेतली तरी चार जणांना दाखवून घेतो. मी बाईंना म्हणालो, "दातांचा तो प्लास्टरचा नमुना तयार झाला की चार दिवस घरी नेतो. नीट विचार करून सांगतो."

बाई हसल्या, पण हो म्हणाल्या.

दोन दिवसांनी कामावर जाता जाता दवाखान्यात शिरलो. काउंटरवरची मुलगी फोनवर होती. फळीवर डबी दिसली, वर आमचं आडनाव लिहिलेलं, 'कांबळे'. मी खुणेनं विचारलं, नेऊ का? तिनं मान हलवली. घेतली, पिशवीत टाकली. कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडून बघणारा मी, पण डबी उघडून बघितली नाही.

दुकानाशेजारच्या चहाच्या गाड्यावर पिशवीतून प्लास्टरचे दात काढून ठेवले. टेम्पोवाला बापू दचकून मागं सरकला.

"आयला, हे काय वो कांबळे?"

"आमच्या प्रज्ञाचे दात. सांग बरं, तार लावावी का प्लास्टिकचं पारदर्शक?"

बापूनं दात हातात घेतले. इंजिन खोललेला मेस्त्री बघतो तसं सगळीकडनं बघितलं. "प्लास्टिक? या दातांस्नी? प्लास्टिकच वाकडं हुईल की! तारच लावा, आन् ती बी जाडी."

"एवढे वाईट हायत?"

"वाईट न्हाईत, पर जत्रंतल्या गर्दीगत हुबं हायत. ह्यो पुढचा तर रांग सोडून निघालाय. आन् ही दाढ कशानं फुटली वो?"

आमचे मालक मागून डोकावले. "नळी फोडली आसंल दातानं. कोल्हापूरची पोरगी हाय ती!"

मला भलताच अभिमान वाटला! म्हणालो, "आमच्याच घरातली की."

आता तुम्हीच सांगा, इथं तरी माझ्या डोक्यात ट्यूब पेटायला नको होती? नाही पेटली. उलट मालक म्हणाले, "आन् पंधराव्या वर्षी अक्कलदाढ! हुशार निघणार लेक." मी तेही वहीत लिहून घेतलं.

मग काय, आठ दिवस ते दात माझ्याबरोबर फिरले. तालमीतल्या वस्तादांनी बघितले, चष्मेवाल्यानं भिंगातनं बघितले. चंदगडहून काजू घेऊन आलेल्या माझ्या बहिणीनं, म्हणजे प्रज्ञाच्या आत्यानं बघितले आणि पदर डोळ्याला लावला. "पोरीच्या लग्नाचं कसं रं व्हायचं?" म्हणाली.

घरी बायकोला दाखवले. सुनंदा बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "का कुणास ठाऊक, या दातांकडं बघून मला उगीच राग यायला लागलाय."

"पोटच्या पोरीचे दात हायत!"

"व्हय वो. पर कुणीतरी मला उलटं बोलतंय असं वाटतंय."

प्रज्ञाला मात्र मी ते दाखवले नाहीत. अकरा जणांनी नावं ठेवलेली, पोरीला कशाला दुखवा? वहीत अकरा जणांची मतं लिहिली होती. अकराही तारेच्या बाजूची. जेवताना मी निकाल सांगितला, "बाळ, तारच लावूया."

ताटातली भाकरी तशीच ठेवून ती उठली. मी मनात म्हटलं, आज रडेल, उद्या आशीर्वाद देईल. आपण शहाणे ना!

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाला घेऊन दवाखान्यात गेलो आणि मी वही उघडून बाईंना वाचूनच दाखवलं. "वरची रांग बाहेर. खालच्या रांगेत गर्दी. अक्कलदाढा दोन. एक दाढ फुटलेली. अकरा मतं, अकराही तारेची. बापू म्हणतो, जाडी. आत्या तर लग्नाच्या काळजीनं रडली."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अक्कलदाढा? हिला?"

"व्हय की."

"बघू ती डबी."

त्यांनी डबी उपडी केली. खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. चष्मा लावून त्यांनी वाचलं, मग माझ्याकडं बघितलं.

"कांबळे, हे दात तुमचे."

"माझे म्हणजे?"

"तुमच्या दाढेच्या टोपीसाठी घेतलेलं माप. मुलीचं तर अजून आमच्याच फळीवर आहे."

वीस वर्षं ज्या मिशीखाली मी काय लपवतोय हे मलाच माहीत नव्हतं, ते आठ दिवसांत अख्ख्या शाहूपुरीनं हातात घेऊन बघितलं होतं!

आणि तेवढ्यात आवाज आला. प्रज्ञा हसत होती. खुर्चीत दुमडून, दोन्ही हात पोटावर धरून. ओढणी खाली पडलेली. तेच हसणं, तालमीपर्यंत जाणारं! "पप्पा... आत्या... रडली की वो... तुमच्या लग्नासाठी!"

बाईंनाही हसू आवरेना. शेवटी डोळे पुसत त्यांनी विचारलं, "बाळ, तुला स्वतःला काय हवंय?"

मी वहीकडं बघितलं. अकरा मतं. जिचे दात, तिचं एकही नाही. ते तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी लिहूनच घेतलं नव्हतं.

"मला न दिसणारं," प्रज्ञा म्हणाली. "मी न चुकता घालीन. आणि बाई, पप्पांना तार. गावानं एकमतानं सांगितलंय, जाडी."

तिला वाटलं, मी चिडेन. मी म्हटलं, लावा.

दीड वर्ष मी मिशीखाली तारा घेऊन वायसर विकले. प्रज्ञाचे ट्रे कॉलेजात कुणाला दिसलेही नाहीत. बापूला मात्र खरं काय झालं ते सांगायचा धीर मला कधी झाला नाही. तो गाड्यावर रोज विचारायचा, "कांबळे, पोरीचे दात कुठवर आले?"

मी चहाचा कप खाली ठेवायचो, मिशी वर करायचो आणि दाखवायचो.