बोधनकर वकिलांची मैफल

शरयूताई बोधनकरांना झोप नीट लागत नाही आणि जागही धड राहत नाही. त्या मधल्या वेळात डॉक्टर खानझोडे पुन्हा बोलायला लागतात. ताईंच्या नवऱ्याच्या तेराव्याला आले होते तेव्हाचंच बोलणं. काय गोष्टी सांगायचा हो वहिनी तुमचा दिगंबर, क्लबात आम्ही हसून हसून लोळायचो. दोन वर्षं झाली, पण हे काही ताईंच्या गळी उतरलेलं नाही. त्यांच्या घरातले दिगंबर वकील जेवताना "मीठ" म्हणायचे आणि झोपताना "लाइट". बाकीचं सगळं ताईच बोलायच्या. दिवसभरात जे काही घडलं असेल ते रात्री अंथरुणात सांगून टाकायचं, ही त्यांची सवय. पलीकडून फार तर "हं" यायचं. या माणसाकडे गोष्टी होत्याच कुठे?

पाणी प्यायला म्हणून त्या उठतात. बोळातून स्वयंपाकघराकडे वळतात, तर पायाखाली गालिचा लागतो. समोर क्लबाचा व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, कटलेटच्या बश्या. नागपूरच्या या जुन्या क्लबात बार फक्त पुरुष सभासदांचा. साहेब लोक गेले, पण त्यांचा हा नियम आपल्या लोकांनी जिवापाड जपला. बायकांनी व्हरांड्यात बसायचं, सरबत प्यायचं आणि आतल्या हसण्याचा आवाज ऐकायचा. ताईंनी कितीतरी शनिवार असे काढलेत.

बारच्या दारावर दरवान रामटेके उभा आहे. ताई अंगावरचा गाऊन सावरतात आणि मागे सरतात. पण रामटेके दार उघडून धरतो. सभासद वारले की त्यांची जागा घरच्या बाईला मिळते, आता तुम्ही सभासद आहात, असं तो अदबीनं सांगतो. म्हणजे नवऱ्याला आधी मरावं लागतं, असं ताईंच्या मनात येतं, आणि त्या आत जातात.

आत पिवळा उजेड आहे. मधोमध उंच स्टुलावर दिगंबर वकील बसलेत, मिशांना कलप, हातात ग्लास. भोवती माणसं आहेत, पण त्यांचे चेहरे काही केल्या दिसत नाहीत. वकील बोलताहेत. भाजीवाल्याशी झालेलं भांडण सांगताहेत, कंबरेवर हात ठेवून, मान वेळावून. तो हात ताईंचा आहे, ती मानही त्यांचीच. भांडण तर त्यांचंच, शब्द न् शब्द.

ऐकत होते हे. इतकी वर्षं उशीत तोंड खुपसून पडायचे, पण सगळं ऐकत होते. ताईंना आधी आनंदच होतो, आणि आनंद झाल्याचा रागही येतो.

"अहो," त्या जवळ जाऊन म्हणतात, "घरी तर कधी एक शब्द बोलला नाहीत."

"घरी काय बोलणार?" वकील खरोखरच नवलानं विचारतात. "तुला सगळं माहीतच होतं."

मंडळी हसतात. मग कुणीतरी म्हणतं, साहेब, ती सासूबाईंची होऊन जाऊ द्या.

बारचा लाकडी कट्टा आता खाट झालाय. ग्लासांच्या मधे ताईंची आई झोपली आहे, शेवटच्या वर्षात झाली होती तशी, मूठभर. ताईंच्या हातात मऊ भाताची वाटी आहे. रोज दुपारी त्या माहेरी जायच्या, आईला न्हाऊ-माखू घालायच्या, भरवायच्या. आईला कुणाची ओळख उरली नव्हती. एके दिवशी आईनं त्यांचा हात धरला आणि विचारलं. आताही आई डोळे उघडते, पण आवाज वकिलांच्या तोंडून येतो, बोळक्या तोंडाचा, थरथरता.

"बाई, तुमच्या हाताला माया आहे हो. माझ्या मुलीकडे लागाल का कामाला? तिला फार काम पडतं बिचारीला. माझ्याकडे यायलासुद्धा सवड होत नाही."

बार हसून हसून लोळतो. कुणी टेबलावर थापा मारतं, कुणी डोळे पुसतं. आई नाहीशी होते. कट्ट्यावर नुसते ग्लास उरतात.

आईनं हे विचारलं त्या दिवशी रात्री ते सांगताना ताईंचा हुंदका आवरत नव्हता. वकील "हं" म्हणाले होते, मग "लाइट" म्हणाले होते.

"मी रडले होते, ते नाही सांगितलंत?"

"ते सांगितलं की मजा जाते," वकील म्हणतात. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नावालाही नाही, आणि ताईंना तेच सहन होत नाही.

पुन्हा एकदा, साहेब, असा गलका होतो. वकील घोटभर पितात, ओठ आत ओढून बोळकं तोंड करतात. "बाई, तुमच्या हाताला..."

ताई पुढे होतात आणि त्यांचं तोंड तळहातानं दाबून धरतात. उभ्या संसारात त्यांनी कधी असं केलं नव्हतं. जीव खाऊन दाबतात. मिशा टोचतात, दात लागतात. हाताखाली वकील हसतच असतात. ते हसणं गरम गरम त्यांच्या तळव्यावर आदळत राहतं.

डोळे उघडतात तेव्हा खिडकीत फटफटलेलं असतं. हाताची मूठ घट्ट आवळलेली. ताई एकेक बोट सोडवतात. घामेजल्या तळव्याला एक तोकडा, जाड केस चिकटलेला आहे, टोकाला काळाभोर कलप आणि मुळाशी पांढरा.

हे कुणाला तरी आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. दोन वर्षांत न सुटलेल्या सवयीनं त्या शेजारच्या रिकाम्या उशीकडे वळतात, तोंड उघडतात, आणि लग्नापासून पहिल्यांदाच ते तसंच मिटून घेतात.