तळघरातल्या येरझाऱ्या

वेधशाळेच्या तळघरात एकतीस वर्षं एकट्याने काढलेल्या शेजाऱ्याला आम्ही हादरेमास्तर म्हणायचो. भूकंपमापकाचा कागद रोज बदलायचा, त्यावरच्या रेषा वाचायच्या, हे त्यांचं निरीक्षकाचं काम. यंत्र इतकं हळवं, की मास्तर तिथे अनवाणी, मांजराच्या पावलांनी वावरत. घरीही तीच सवय. बायको गेल्यावर तर त्या घरात कुणी राहतं की नाही, अशी शंका यायची.

रंगभूमी सोडल्यावर मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. मी बडबड्या, ते घुमे, जोडी जमली. पृथ्वीचा विषय निघाला की मात्र ते खुलत. वर पातळ कवच, त्याखाली तापलेल्या खडकाचं जाडजूड प्रावरण, मग वितळलेलं लोखंड आणि मधोमध प्रचंड दाबाने घट्ट राहिलेला लोखंडाचाच गोळा. तिथे कुणी गेलेलं नाही, भूकंपाच्या लाटा तिथून जाऊन येतात त्यावरून कळतं, असं ते सांगत.

मास्तरांची लेक पृथ्वीच्या पार पलीकडे राहायची. जाताना म्हणाली होती, "बाबा, तुम्हाला जमिनीखालचं सगळं कळतं. समोर बसलेल्या माणसाचं काही कळत नाही." तेव्हापासून दोन वर्षं अबोला.

एका दुपारी मास्तरांचा निरोप आला, रेडिओ घेऊन तळघरात या. रेषा थरारली होती. पुढे-मागे ढकलणारी लाट आली होती. आडवी हलवणारी आलीच नव्हती. तिला वितळलेलं लोखंड अडवतं. म्हणजे हादरा पृथ्वीच्या गाभ्यापलीकडचा, लेक राहायची तिकडचा. लेकीचा फोन लागत नव्हता. रेडिओवर तिच्याच शहराचं नाव आलं.

तेवढ्यात कागदावर बारीक धक्क्यांची रांग लागली. "पुन्हा हलतंय तिकडे," मास्तर म्हणाले. मी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. रेषा सरळ झाली. ते उठून चालू लागले, पुन्हा थरारली. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपला काढायचं भान राहिलं नव्हतं.

संध्याकाळी तळघरातला फोन वाजला.

"बाबा, मी बरी आहे. तुम्हाला कळलं असेलच."

मास्तरांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाले, "हादरा कळला गं. तुझं नाही कळलं. तू सांग."

चार मिनिटांनी फोन तुटला. रिसीव्हर कानाला तसाच धरून ते बसून राहिले. मी माझ्या चपला हातात घेऊन जिना चढलो.

दुसऱ्या दिवशी नोंदवहीत त्यांच्या अक्षरात ओळ होती: दुपारचे बारीक धक्के निरीक्षकाचे.