पडद्यावरची पाकळी

रत्नागिरीजवळच्या पालीच्या पुढे एका गावात महिपत गुरव ग्रामदेवीचे पुजारी होते. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून ते देवीचा कौल घेत. उजवी पाकळी आधी पडली की देवीचा होकार, डावी पडली की नकार. विहीर कुठे खणावी, मुंबईच्या मुलासाठी कुठलं स्थळ बघावं, हरवलेली गाय कुठल्या वाडीला शोधावी, असले सगळे प्रश्न त्यांच्यापुढे येत आणि ते देवीपुढे ठेवत. त्यांच्या थोरल्या मुलीने, तुळसाने, बारावीनंतर रत्नागिरीला कॉम्प्युटर शिकायचं काढलं तेव्हा मात्र त्यांनी पाकळ्या लावल्या नाहीत. तीन महिन्यांचा तर वर्ग, येईल शिकून, एवढंच म्हणाले.

साल होतं अठ्ठ्याऐंशी. हा वर्ग चालवणारे शेवडे सर मुंबईची नोकरी सोडून रत्नागिरीला घरी आले होते. त्यांनी राम आळीत एका दुकानाच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या. आतल्या खोलीत दोन कॉम्प्युटर आणि खोली गार ठेवणारं एक यंत्र, बाहेरच्या खोलीत बाकं आणि फळा. सहा महिन्यांचं तीन महिन्यांत शिकवणार, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. त्यामुळे सकाळी पहिल्या एसटीने आलेली तुळसा माडीचा जिना उतरायची ती दिवेलागणीलाच. जिन्याखाली पाण्याची बादली असे. पायाची तांबडी धूळ धुतल्याशिवाय वर यायचं नाही, असा सरांचा नियम होता. गावातल्या काही मंडळींना वाटे की वर एखादं देवस्थानच आहे. वर्गातली मुलंही कमी नव्हती. सरांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं की कोणीतरी हळूच देवळातल्यासारखं गाऱ्हाणं सुरू करी आणि बाकीचे सुरात म्हणत, "होय महाराजा."

विद्यार्थी दहा आणि यंत्रं दोन. म्हणून प्रत्येकाने आपला प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा आणि बाहेरच्या खोलीत हाताने चालवून दाखवायचा, अशी सरांची पद्धत होती. टेबलावर आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवायला काड्यापेट्या मांडलेल्या असत. एकीवर ए, एकीवर बी, अशी अक्षरं चिकटवलेली. एका मुलाने कॉम्प्युटर व्हायचं. कागदावर जे लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल वापरायची नाही.

कॉम्प्युटर होण्यात केरूचा हात धरणारा कोणी नव्हता. केरू मिरकरवाड्याचा, त्याची आई आवडाबाई बाजारात मासळी विकायची. एकदा तुळसाने टेबलाभोवती फेऱ्या मारायला लावणारा प्रोग्रॅम लिहिला आणि कुठे थांबायचं ते लिहायला विसरली. केरू फिरतच राहिला. चहा आला, सगळ्यांचा पिऊन झाला, तरी हा फिरतोच आहे.

"बस की रे आता," तुळसा म्हणाली.

"कागदावर लिही," केरू म्हणाला. "मी कॉम्प्युटर हाय. मला तुझी दया येत नाय."

तिने लिहिलं तेव्हा तो बसला, आणि गार झालेला चहा तिच्याकडूनच पुन्हा गरम करून घेतला.

असे दिवस तिने पूर्वी कधी पाहिले नव्हते. एखाद्या चुकीपायी सकाळची दुपार होई, भाकरीचा डबा तसाच राही, आणि चूक सापडली की इतकं हलकं वाटे की एसटीत उभं राहून परत जातानाही हसू येई. घरी धाकटी बहीण सखू विचारी, तिथे करतेस काय दिवसभर? तुळसा सांगे, चुका. सखूला ते पटत नसे.

शेवटच्या महिन्यात सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, प्रत्येकाने आपल्या घरच्या कामावर एक प्रोग्रॅम करायचा आणि निरोपाच्या रविवारी घरच्यांसमोर चालवून दाखवायचा. दुसरी, पुढच्या तुकडीला शिकवायला त्यांना मदतनीस हवा होता आणि तो याच वर्गातून घ्यायचा होता. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी तुळसाला बाजूला बोलावून विचारलं, राहशील का? तिची मान लगेच हलली. पण रत्नागिरीत राहायचं तर घरून हो यायला हवं होतं. तिने वडिलांना सांगितलं. महिपत गुरवांनी समईची वात सारखी केली आणि ते म्हणाले, "बघू. रविवारी येतो तुझ्या वर्गात."

बघू म्हणजे देवीला विचारू, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तुळसाने लहानपणापासून पाकळ्या पडताना पाहिल्या होत्या आणि त्या कोणाचं मन धरून पडत नाहीत हेही पाहिलं होतं.

घरच्या कामावर प्रोग्रॅम करायचा, तर तिने कौलच केला. सुरुवातीला केरूने गंमत म्हणून सुचवलं होतं, पण ती पेटली. पडद्यावर चांदणीची चिन्हं मांडून तिने पाषाण काढला, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक पाकळी. कळ दाबली की कॉम्प्युटर मनाशी एक आकडा धरी आणि त्याप्रमाणे एक पाकळी सावकाश खाली घसरे. कधी उजवी, कधी डावी. वर्गातल्या पोरांनी त्याला परीक्षेपासून लग्नापर्यंत सगळं विचारून घेतलं. "गुरवीणबाई, नवस काय बोलायचा?" केरू विचारी.

रविवारी माडी भरली. महिपत गुरव धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले, पाय धुऊन वर गेले आणि मागच्या बाकावर बसले. केरूचा मासळीच्या लिलावाचा प्रोग्रॅम झाला. मग तुळसाचा कौल लागला. पहिली पुढे आली आवडाबाई. "माझा पोरगा कामाला लागंल का?" तिने ठणकावून विचारलं. उजवी पाकळी पडली. तेवढ्यात वीज गेली.

वीज आली, सरांनी फ्लॉपी घालून प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. माडीचे मालक दाजी पुढे झाले आणि त्यांनी आपल्या गुडघेदुखीबद्दल विचारलं. उजवी. दाजी खूश झाले. पुन्हा वीज गेली.

काळोख्या पडद्यापुढे उभी असताना तुळसाच्या मनात काहीतरी टोचलं. आवडाबाईला उजवी, दाजींना उजवी. परवा सकाळी प्रोग्रॅम चालू केला तेव्हाही पहिली उजवीच होती. त्याच्या आदल्या दिवशीही. मग एकदम तिच्या लक्षात आलं. दर वेळी नव्याने आकडे पिसायला सांगणारी एक ओळ असते, ती तिने घातलीच नव्हती. न सांगितल्यामुळे कॉम्प्युटर दर वेळी सुरुवातीपासून तेच आकडे त्याच क्रमाने काढत होता. चालू केल्यावर पहिला कौल उजवाच.

वीज आली. प्रोग्रॅम नव्याने सुरू झाला. आणि गर्दीतून वाट काढत महिपत गुरव पुढे आले.

त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले, आणि रोजच्या गाऱ्हाण्याच्या आवाजात विचारलं, "माझी मुलगी इथं राहून शिकवील म्हणते. राहू दे का तिला?"

कळ तुळसाने दाबायची होती. तिने दाबली. उजवी पाकळी पाषाणावरून सुटली आणि अलगद खाली आली. आवडाबाईने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. वडिलांचा चेहरा असा उजळला होता, की तुळसाला गप्प बसणं अगदी सोपं होतं.

"बाबा, हा कौल खरा नाय," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या. शेवडे सरांनी चष्मा काढला. तिने सगळ्यांसमोर सांगितलं की प्रोग्रॅममध्ये चूक आहे, पहिला कौल कोणालाही उजवाच मिळतो, आणि तुम्ही विचारण्याआधीच मला ते कळलं होतं. आवडाबाई म्हणाली, "म्हंजे माझा पण खोटा?" आणि केरूने आईला हळूच खाली बसवलं.

महिपत गुरवांनी पडद्याकडे बोट केलं. "सुधारता येतं का?"

"एक ओळ घालायची."

"घाल मग."

तिने घातली. दोनदा चुकली. प्रोग्रॅम चालू झाला, आणि वडिलांनी तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला. डावी पाकळी पडली.

तुळसाला वाटलं, आपल्याच हाताने आपण दार लावून घेतलं.

"चालतंय की आता," महिपत गुरव म्हणाले. ते सरांकडे वळले. "कधीपासून यायचं हिनं?"

तुळसा म्हणाली, "बाबा, डावा आला."

"येईना का. बाय, हे यंत्र तू सांगशील तसं वागतं. देवी माझं ऐकत नाय म्हणून मी तिचं ऐकतो." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "आणि लोक माझ्याकडे कौलाला येतात ते बहुतेक घरून ठरवूनच येतात. मीपण एसटीतच ठरवलं होतं."

"मग विचारलंत कशाला?"

"एवढी माणसं विचारत होती. मी नको?"

केरू मागून म्हणाला, "गुरवीणबाई, आमच्या आयशीला तेवढा एक नवा कौल द्या. खोटा घेऊन घरी गेली तर मला जेवायला नाय घालायची."

आवडाबाई उठलीच होती. तिला डावा आला. ती म्हणाली, पयलाच बरा होता. आणि माडी हसून हसून मोकळी झाली.

शेवडे सरांनी निवड जाहीर अशी केलीच नाही. ते फक्त म्हणाले की पुढची तुकडी जूनमध्ये, आणि तुळसाने चार दिवस आधी यावं. महिपत गुरवांनी विचारलं, हिने राहायचं कुठे? दाजींनी खाली दुकानामागे राहणाऱ्या आपल्या बहिणीचं, आनंदीबाईंचं नाव सुचवलं, त्यांच्याकडे एक खोली रिकामी होती, आणि दोघेही ती खोली बघायला जिना उतरले. महिपत गुरवांनी दाराची कडी दोनदा लावून पाहिली, खिडकीतून वाकून विहीर किती लांब आहे ते बघितलं, आणि आनंदीबाईंना विचारलं की पोरीला सकाळी न्याहारीला भात लागतो, चालेल ना.