बदली येईपर्यंत

चित्रकलेचे सर एका सकाळी दात घासता घासता कोसळले आणि त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्यांच्या घरी दोन बायका कामाला होत्या, एक दिवसाची आणि एक रात्रीची. सरांची जीभ जड झाली होती, पण थट्टेची खोड काही गेली नव्हती. रात्रीच्या बाईला ते रातराणी म्हणायचे. दिवसाची बाई आधी सूर्यफूल होती. मग तिच्या बसचं बिनसलं आणि तिचं नाव दुपारी पडलं. दुपारी नावाचं एक लाल फूल असतं, ऊन डोक्यावर आल्याशिवाय ते उमलत नाही.

ती हसायची. न हसून करते काय?

तिचं घर शहराच्या पार टोकाला होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तिथे नुसता माळ होता; आता खिडकी उघडली की समोरच्या इमारतीतल्या बाईचा ओटा दिसायचा. माणसं वाढली, बस मात्र होत्या त्याही कमी झाल्या. पूर्वी घराजवळून निघालेली थेट बस तिला सरांच्या गल्लीच्या तोंडाशी सोडायची. उड्डाणपुलाचं काम निघालं आणि ती बंद झाली. तात्पुरती, असं थांब्यावरच्या पाटीवर लिहिलं होतं. पाटीला गंज चढला, बस काही परत आली नाही.

आता दोन बस बदलाव्या लागत. पहिली यायची तीच खचाखच भरून. ड्रायव्हर लांबूनच हाताने खूण करायचा, मागून येतेय, आणि न थांबता पुढे काढायचा. मागून धूळ यायची. रोज रिक्षा करायची म्हटलं तर कामाला जाण्यातच काही अर्थ उरला नसता. नवऱ्याचा कारखाना उलट्या दिशेला, त्यामुळे त्याच्या स्कूटरचाही उपयोग नव्हता. थांब्यावर उभी राहून ती सारखी घड्याळ बघायची, कारण उशीर तिचा व्हायचा आणि भुर्दंड रातराणीला पडायचा.

बदली आल्याशिवाय पेशंट सोडायचा नाही, असा या कामाचा नियम. रातराणीला पहिलीत जाणारी मुलगी होती. नवरा कधीच सोडून गेला होता. मुलगी रात्री शेजारणीकडे झोपायची आणि सकाळी दप्तर मांडीवर घेऊन पायरीवर आईची वाट बघत बसायची.

सुरुवातीला रातराणी म्हणायची, "होतं गं असं. दमलीस, आधी पाणी पी." पुढे पुढे दुपारी जिना चढून येईपर्यंत रातराणीच्या पायात चपला असायच्या. "गोळ्या दिल्यात. पाठीला पावडर लाव. लघवी कमी झालीय, दादांच्या कानावर घाल," एवढं दारातच सांगून ती चालू लागायची.

एकदा मात्र ती थांबली. "तू आधीची बस पकड ना."

"आधीचीच पकडते. तीच उशिरा येते."

"मग तिच्या आधीची."

"तिच्या आधी बसच नाही गं."

"मग मी काय करू ते तूच सांग. शाळेचं फाटक बंद होतं. बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी पोरीला घरी पाठवू."

दुपारीने सरांच्या मुलापाशी, दादांपाशी, विषय काढून पाहिला. दादा आणि वहिनी दोघंही सकाळीच घाईत कामाला पळणारे. दादा बूट घालता घालता म्हणाले, "ताई, वेळेचं तुमचं तुम्ही दोघी बघून घ्या. बाबा एकटे राहायला नकोत, एवढंच माझं म्हणणं."

मग तिला एक सवय लागली. रातराणीचा फोन आला की बस कुठेही असो, ती म्हणायची, "आलेच, पाच मिनिटं." खरं सांगितलं तर रातराणीचा जीव टांगणीला लागणार, आणि बस काही त्याने लवकर पोचणार नाही. पाच मिनिटं म्हटलं की निदान फोन तरी बंद व्हायचा.

त्या दिवशी दुसरी बस पुलाच्या चढावर धापा टाकत थांबली ती थांबलीच. कंडक्टरने सगळ्यांना खाली उतरवलं. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे आहेस?"

"आलेच. पाच मिनिटं."

"नक्की?"

"हो गं, गल्लीशीच आलेय."

मागची बस दाराला माणसं लटकवूनच आली, न थांबता गेली. मग ती चालत सुटली. फूटपाथ खणलेला, पत्र्यांच्या कडेने जाताना गाड्यांचे आरसे कोपराला घासत होते. पाऊण तासाने तिने आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडलं, तेव्हा सर पलंगाच्या पायाशी जमिनीवर होते. वॉकर आडवा पडलेला. डावा हात, त्यांचा चालता हात, अंगाखाली सापडला होता.

"आलीस?" ते अडखळत म्हणाले. "तिला मीच जा म्हटलं. पोरगी वाट बघत होती."

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून आणेपर्यंत दिवस कलला. संध्याकाळी दादांनी दोघींना समोर उभं केलं.

"ही म्हणाली, गल्लीशीच आलेय," रातराणी म्हणाली. "नाहीतर मी गेले नसते."

दादांनी दुपारीकडे पाहिलं. "असं म्हणालात तुम्ही?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं तिने. बाहेर पडलं ते वेगळंच. "बस बंद पडली, दादा. मी चालत येत होते."

रातराणीने तिच्याकडे एकदाच पाहिलं.

"काही असो, पेशंटला एकटं सोडून तुम्ही गेलात," दादा रातराणीला म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नका म्हणून सांगितलं. आतून सर काहीतरी बोलत होते, पण चिडले की त्यांचे शब्द एकात एक अडकायचे आणि कुणालाच कळायचे नाहीत.

मग दादांनी दुपारीला विचारलं, "तुम्ही इथेच राहाल का? दिवसरात्र. रविवारी मी घरी असतो, तेव्हा जा. नाही जमलं तर मला दोघींच्या जागी दुसरं कुणी बघावं लागेल."

घरी नवरा म्हणाला, "तुझं तू ठरव." सासूबाई म्हणाल्या, "नातीचं मी बघेन." मुलगी दप्तर भरत राहिली. दुपारीने हो म्हटलं.

आता तिला बस लागत नव्हती. सरांच्या खोलीत, जिथे रातराणीची सतरंजी असायची तिथेच, ती आपली सतरंजी पसरायची. सरांनी तिला नावाने हाक मारणं सोडलं. पाणी हवं असलं की पलंगावर प्लास्टर आपटायचे.

तिने रातराणीला बरेच फोन केले. ती उचलायची नाही. एका रविवारी घरी जाताना थांब्यावरून लावला, तेव्हा तिने उचलला.

"मला एक काम मिळालंय," ती म्हणाली. "घराजवळच. चालत जाते."

"त्या दिवशी मी दादांना खरं सांगायला हवं होतं."

"हो," रातराणी म्हणाली. मग तिने विचारलं, "सरांच्या पाठीला जखम तर नाही ना झाली?"

"नाही. कूस बदलते मी दर दोन तासांनी."

"बरं. ठेवते. पोरीला न्हाऊ घालायचंय."

रविवारची बस अर्धी रिकामी आली. दुपारी खिडकीजवळ बसली आणि फोन मांडीवर उलटा ठेवून बाहेर बघत राहिली.