मामांना हनुवटी येते

माणसं जमीन दाखवतात, दागिने दाखवतात, मुलाचं प्रगतिपुस्तक दाखवतात. पण चाळिशी उलटल्यावर नवी हनुवटी मिळवून ती ठाण्यापासून कल्याणपर्यंत भेटेल त्याला दाबून बघायला लावणारा गृहस्थ आमच्या हिच्या मामांखेरीज भूतलावर दुसरा झाला नसेल. त्यांना जुनी हनुवटी होती असंही नाही. खालचा ओठ संपला की गळा सुरू, असा त्यांच्या चेहऱ्याचा सरळ मामला होता. अंतरपाट दूर झाला तेव्हा मामींना वाटलं, नवरा लाजून मान खाली घालतोय. आठवडाभराने कळलं की मान सरळच आहे. हे मामीच सांगत, आणि त्यावर सगळ्यांत मोठ्याने मामा हसत. मात्र आतून त्यांनी आयुष्यातल्या एकूण एक अपयशाचं खापर त्या रिकाम्या जागेवर फोडलेलं होतं. कचेरीतली बढती दुसऱ्याला गेली, कारण हनुवटी. गणपतीच्या मेळ्यात राजाचं काम मागितलं तर पडदा ओढायला बसवलं, कारण हनुवटी. डोंबिवलीच्या बिऱ्हाडाचं छप्पर गळत होतं आणि घरमालक दाद देत नव्हता, तेही त्याच सदरात. "जावईबापू, राग आल्यावर पुढे काढायला माणसाजवळ काहीतरी नको का?" असं ते मला अगदी कळकळीने विचारत.

आणि मग तो योग आला. कचेरीतल्या एका सोबत्याचा जबडा मोटारीच्या धक्क्याने मोडला, त्याला मुंबईच्या एका इस्पितळात घेऊन मामा गेले. तिथले डॉक्टर लढाईत सैनिकांचे फुटलेले चेहरे सांधून आलेले. त्यांनी जबड्याला फडकं बांधलेल्या सोबत्याकडे एक ओझरती नजर टाकली, मग मामांकडे बराच वेळ पाहिलं आणि हळहळून विचारलं, "आणि तुमची कुठे उडाली?" दुसरा कोणी असता तर अपमान समजून तडक उठला असता. मामा खुर्ची पुढे ओढून बसले. बरगडीच्या टोकाचं मऊ हाड काढायचं, ते कोरून आकाराला आणायचं आणि ओठाच्या आतून खाली नेऊन बसवायचं, असा बेत ठरला. "बाहेरचं काही नाही हो," मामा आम्हाला समजावत, "घरचाच माल. माजघरातला पाट ओटीवर आणून मांडायचा, इतकंच!"

पहिल्या दिवसांत त्या ओटीवर पाट नव्हे, अख्खा सुरण आणून ठेवल्यासारखं दिसत होतं. सूज अशी की ओठ मिटेनात, आणि त्या जागेला स्पर्श म्हणून कळेना. जेवताना भाताचं शीत चिकटलं तरी पत्ता नसायचा, मामी समोर बसून स्वतःच्या हनुवटीला बोट लावून खुणा करायच्या आणि मामा विचारायचे, "काय, वरण वाढू का तुला?" पण सूज उतरली, बधिरपणा ओसरला आणि मंडळी, त्या गळ्याच्या उतारावर अशी काही डौलदार हनुवटी उभी राहिली की जन्मापासून इथेच होती आणि मध्यंतरी कुठे परगावी गेली होती असं वाटावं. वरून कातडी हलायची, आत मऊसर टणक लागायचं, हसताना जरा मागाहून यायची खरी, पण येऊन पोचायची. मामींनी पहिले काही दिवस त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही. "इतकी वर्षं संसार केला हो," त्या आमच्या हिला म्हणाल्या, "आणि आता पानावर कोणी परका पुरुष बसलाय असं वाटतं. वाईट दिसतो असं नाही म्हणत मी!"

त्यानंतर दाबण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मामा ठाण्याला आमच्याकडे आले की चहाआधी हनुवटी पुढे करत. "दाबा. अहो, दाबा! नखाने नको, बोटाच्या पेराने. कळतंय काही?" काही कळत नाही म्हटलं की आनंद. शेजारचे मास्तर, पोस्टमन, वरच्या मजल्यावरचे बंबवाले काका, सगळ्यांनी दाबून झाली. कोपरहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईपुढेही त्यांनी तोंड केलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, तुमी माजी वांगी दाबू नका, मी तुमची हनवटी दाबनार नाय." पण खरं शिक्कामोर्तब न्हाव्याने केलं. दाढी करताना न्हावी हनुवटीला चिमूट लावून तोंड फिरवतो. मामांचं तोंड फिरवायला बिचाऱ्याला आजवर कान धरावा लागे. त्या दिवशी त्याने सहज हनुवटी धरली आणि तोंड उजवीकडे वळवलं. मामांच्या डोळ्यांतून टपटप पाणी. "लागलं का?" न्हावी घाबरला. "नाही रे," मामा म्हणाले, "फिरव अजून."

फक्त एक हात त्या हनुवटीपर्यंत पोचला नव्हता, आणि त्या हाताची मामांना भयंकर धास्ती होती. त्यांची आई कल्याणला थोरल्या मुलाकडे राहायची. तिची दृष्टी केव्हाच गेली होती. आल्यागेल्याच्या तोंडावरून हात फिरवून ती माणूस ओळखायची, आणि मामांना ओळखणं सर्वांत सोपं होतं: हात ओठांवरून घसरून थेट गळ्यावर आला की "आलास का बाळ?" म्हणायची. शस्त्रक्रियेचं मामांनी तिला कळू दिलं नव्हतं. कचेरीच्या कामाला नागपूरला जातो म्हणाले होते. "जावईबापू, तिचा हात अडकला आणि 'कोण आपण?' म्हणाली तर मी काय सांगू? तिने दिलेलं तोंड मी परस्पर बदलून आलो!" दर रविवारी ते कल्याणला म्हणून निघत, कल्याण आलं की गाडीत तसेच बसून राहत आणि पुढे विठ्ठलवाडीला उतरत. तिथे नव्याने येऊन राहिलेल्या सिंध्यांकडून पापड घेत आणि परत येत. "सासूबाईंच्या नावाने निघतात आणि पापड घेऊन येतात," मामी कपाळाला हात लावत. त्यांच्या घरात पापडांची चळत खिडकीला लागली तेव्हा थोरल्या भावाचा निरोप आला: "आई विचारते, माझं काही चुकलं का?"

मामींनी मला बोलावून घेतलं. "जावईबापू, यांना कल्याणला उतरवा. हाताला धरून." मी तसंच उतरवलं.

आई दाराशी वाती वळत बसली होती. मामा समोर जाऊन बसले. एरवी ज्यांना गप्प करायला पाहुण्यांना उठून जावं लागे, त्यांनी नुसतं तोंड पुढे केलं. तिने हात पुढे केला. कपाळ झालं, नाक झालं, ओठ झाले, आणि हात थांबला. मामांनी डोळे घट्ट मिटले. तिचा अंगठा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला, पुन्हा मागे आला.

"बारशाच्या आधीपासून तेल लावून ओढत होते मी," ती म्हणाली. "सुईण म्हणायची, ओढा, येईल. आली एकदाची."

"आई, खरी वाटते?"

"खोटी कशाला असेल? तुझ्याच तोंडाला आहे ना?" मग हात न काढता तिने विचारलं, "कुठनं आणलीस?"

"बरगडीतनं."

"कुठल्या?"

मामांनी सदऱ्याची गुंडी काढली आणि तिचा हात धरून त्या व्रणावर नेला. ती बराच वेळ तिथे चाचपत राहिली. "दुखलं असेल रे," ती म्हणाली, "आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस." मामांनी मान हलवली, पण ते तिला दिसणार कसं? शेवटी ते वाकले आणि त्यांनी तिच्या मांडीवर, वातींच्या कापसात, डोकं ठेवलं. आमची परतीची गाडी गेली.

त्या रविवारनंतर मामांनी कोणाला हनुवटी दाबायला लावली नाही. नवीन कोणी कुतूहलाने विचारायचा, "खरी आहे का हो?" तेव्हा ते म्हणत, "आईला विचारा." ती गेल्यावरही कितीतरी वर्षं ते हेच उत्तर देत राहिले.