गर्भगळित

देवगडकडच्या एका आंब्याच्या बागेत बिबट्या दिसला आणि 'ग्रामस्थ गर्भगळित झाले', असं आमच्या भागातल्या पेपरात छापून आलं होतं. ती बातमी मी आडवी पडून वाचली, कारण मला उठून बसायला बंदी होती. पाचवा महिना चालू होता. पलंगाच्या पायथ्याशी लाकडी ठोकळे सरकवलेले, त्यामुळे डोकं खाली आणि पाय वर. बातमीत बिबट्याचं अंदाजे वय होतं, बागेच्या मालकाची प्रतिक्रिया होती, राखणदाराने पत्रा कसा बडवला तेही सविस्तर होतं. ग्रामस्थांपैकी गरोदर किती होते, एवढंच काय ते लिहायचं राहून गेलं होतं.

मी शाळेत मराठी शिकवते. हा शब्द दर वर्षी वाक्प्रचारांच्या यादीत येतो. 'गर्भगळित होणे : खूप घाबरणे', असं फळ्यावर लिहायचं आणि मुलांकडून वाक्यात उपयोग करून घ्यायचा. वाक्यंही ठरलेली. वाघ पाहून शिकारी गर्भगळित झाला. साप पाहून काका गर्भगळित झाले. शिकाऱ्याचं आणि काकांचं कुणाला काही वावगं वाटत नाही, मलाही कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र पेपर छातीवर ठेवून मी तो शब्द मधोमध फोडला. गर्भ, आणि गळित म्हणजे गळलेला. जिचा गर्भ गळून पडला आहे अशी. हे मुळात एका बाईचं वर्णन आहे. ती इतकी घाबरली की तिचं मूल गेलं, असं तो शब्द सांगतो.

माझी दोन गेली होती. पहिलं चौथ्या महिन्यात, दुसरं पाचव्यात. या खेपेला कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि बजावलं, की बाथरूमपुरतं उठायचं, बाकी पडून राहायचं. हे मूल टिकावं, यापलीकडे मला दुसरं काही नको होतं. नवरा जहाजावर होता. मालवणजवळच्या आमच्या घरात मी आणि सासूबाई अशा दोघीच.

माझी खोली मागच्या बाजूची. पडल्या पडल्या दिसायचं ते म्हणजे पंखा, भिंतीवरच्या दोन पाली, आणि खिडकीतून बाहेरच्या न्हाणीघराचं पत्र्याचं छप्पर आणि त्याच्यावर झुकलेला माड. समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही. मुलखाची फिरस्ती असलेल्या मला तेवढ्या चौकटीत कोंडून घातल्यावर पहिला आठवडा रडण्यात गेला, पुढचे चिडण्यात. मला गुदमरायला व्हायचं. आणि गुदमरतंय म्हणायचीही सोय नव्हती, कारण सासूबाई लगेच दाराशी यायच्या.

डॉक्टरीणबाईंनी 'पडून राहा' म्हणून सांगितलं होतं. सासूबाईंनी ऐकलं होतं 'घाबरू नको'. त्यांच्या लेखी औषधं, टाका, ठोकळे ही सगळी वरवरची कामं. खरं काम एकच. "तू फकत भियाव नको," असं त्या सकाळ-संध्याकाळ म्हणायच्या, आणि मी भिऊ नये म्हणून त्यांनी अख्खं घर मुकं केलं. कुकर माळ्यावर गेला, कारण शिट्टी अचानक होते. भात टोपात शिजू लागला. टीव्हीवरच्या खुनाच्या मालिका बंद. मासे विकणारी बाई आमच्या आवाठात, म्हणजे वाडीत, येताना लांबूनच ओरडायची, तिला सासूबाई वाटेवरच गाठायच्या आणि मासे घेऊन परत पाठवायच्या. पेपर आधी स्वतः वाचायच्या, एकेक अक्षर लावत, आणि मेलेल्या माणसांची पानं काढून घ्यायच्या. बिबट्या त्यांनी राहू दिला होता. देवगड लांब आहे, असा हिशेब असावा.

नवऱ्यालाही त्यांनी पढवलं होतं. मी फोनवर विचारायची, हवा कशी आहे? बरी आहे. जेवण? बरं आहे. काम? बरं आहे. जगातल्या सगळ्या समुद्रांवर एकाच वेळी बरं चाललेलं असायचं. इतकं बरं ऐकून ऐकून माझी झोप उडाली. सासूबाई फोनवर जरा हळू बोलल्या तरी मला वाटायचं, कुणीतरी गेलं आणि माझ्यापासून लपवतायत. एकदा मी तडकून म्हटलं, "आई, भिऊन काय एक होणा नाय." त्यांनी खिडकीची कडी नीट लागलीय का बघितली आणि निघून गेल्या.

मला करायला काही नव्हतंच, म्हणून मी पडल्या पडल्या भीतीचे शब्द मोजायला घेतले. बोबडी वळते ती जिभेची. धडकी भरते ती छातीत. पाय लटपटतात, तोंडचं पाणी पळतं, अंगावर काटा येतो. पाचावर धारण बसते, त्यातली धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव, असं जुने लोक सांगतात. दुष्काळात भाव कडाडला की माणसाच्या पोटात गोळा यायचा तो त्या शब्दात राहिला. यातलं सगळं सगळ्यांना होतं, बाईला आणि पुरुषालाही. गर्भगळित तेवढा एकटा वेगळा. पुराणांतल्या वर्णनांमध्ये वीरांनी आरोळी ठोकली की म्हणे गरोदर बायकांचे गर्भ गळायचे. आरोळी किती मोठी होती ते सांगण्यासाठी त्या बायका कामाला आल्या. पुढे त्या गळून गेल्या आणि शब्द शत्रूच्या सैन्याला लागू झाला, मिशीवाल्या सैनिकांना. त्या बायकांचं पुढे काय झालं, ते कुठे लिहिलेलं नाही. मला राग आला होता, आणि तो राग काढायला खोलीत पालींशिवाय कुणी नव्हतं.

नारळ उतरवणारा गडी त्या वर्षी आला नाही, कारण सासूबाईंनीच त्याला येऊ नको म्हणून निरोप धाडला होता. वरून नारळ धपाधप पडतात, सून दचकेल. पण माडाला निरोप कोण देणार? उतरवले नाहीत तरी नारळ पिकतोच, आणि पिकला की आपल्या मर्जीने पडतो.

एका दुपारी तो न्हाणीघराच्या पत्र्यावर पडला. मला डुलकी लागली होती. असा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. मी ताडकन उठून बसले, सगळी बंदी विसरून, आणि ओरडले. पोट आवळून कडक झालं होतं.

सासूबाई दारात आल्या. चेहरा पांढराफटक. पुढे यायला धजेनात. तिथूनच म्हणाल्या, "हालता मा गो?"

मी परत आडवी झाले, पोटावर दोन्ही हात ठेवले. काही हलत नव्हतं. भिऊन काही होत नाही असं ज्या तोंडाने मी म्हटलं होतं, त्याच तोंडाने मी पोटातल्या मुलाला सांगायला लागले, की मी घाबरले नाही, मी मुळीच घाबरले नाही, तू तिथेच राहा. चार पुस्तकं शिकून शहाणी झालेली मी, पण त्या घटकेला माझा त्या शब्दावर पुरता विश्वास बसला होता.

शेजारच्यांनी गाडी काढली. मागच्या सीटवर मी सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. कुडाळचा रस्ता कधी संपतोय असं झालं होतं. शेजारी प्रत्येक खड्ड्याला गाडी जवळजवळ थांबवत होता. काच बंद होती, आत गरम व्हायला लागलं होतं, आणि वर मान करून मला फक्त सासूबाईंची हनुवटी दिसत होती. मग त्या बाहेर बघतच म्हणाल्या, "माजा पयला असाच गेला."

मला माहीत नव्हतं. नवरा थोरला असं आम्ही सगळेच समजून चालायचो, तो स्वतःसुद्धा.

"होडी येवक नाय असा कोणीतरी येवन सांगल्यान. मी धावत दर्यार गेलंय. रातभर थंयच बसलंय. सकाळी होडी इली, सगळे बरे. माजा पोटातला गेला."

त्यांनी माझ्या कपाळावरचा घाम पदराने पुसला.

"सासू म्हणाली, बाकीची बायलमाणसांय थंयच होती, त्येंका काय झाला नाय. तूच भित्री. माणूस घराक इलो तसोच्या तसो, आनि तुया फुकट भिऊन पोराक घालवलंस."

हे त्यांना एकदाच ऐकवलं गेलं नव्हतं. सासू असेपर्यंत ऐकवलं गेलं, कुणाचं डोहाळजेवण असलं, बारसं असलं, की हटकून. होडीवरून परतलेले माझे सासरे पुढे म्हातारे होऊन गेले. त्यांनी यावर कधी अवाक्षर काढलं नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांनाही तेच वाटत असणार, असं त्यांनी धरून घेतलं.

दवाखान्यात मला लगेच आत घेतलं. पोटावर गार जेल, आणि डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत गप्प. तेवढ्या वेळात मी काय काय कबूल केलं असेल ते देवाला ठाऊक. मग त्यांनी आवाज मोठा केला. ठोके घोड्याच्या टापांसारखे ऐकू येत होते. "मजेत आहे बाळ," त्या म्हणाल्या. "टाकाही जागेवर आहे."

मी रडले. सासूबाई रडल्या नाहीत. त्या टेबलाच्या कडेला उभ्या होत्या, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, आणि शुद्ध मराठीत बोलायची तयारी करत होत्या.

"डॉक्टरबाई, एक विचारू? बाई घाबरली तर... पोट पडतं काय?"

"नाही हो आजी. घाबरून पोट पडत नाही. तसं असतं तर आपल्याकडे कुणी जन्मालाच आलं नसतं. पडायची कारणं वेगळी असतात. हिच्या पिशवीचं तोंड सैल आहे, म्हणून तर टाका घातला."

"खूप घाबरली तर?"

"खूप घाबरली तरी."

"आनि धावली तर?"

"धावली तरी."

"रातभर बसान ऱ्हवली तर? काय एक खाल्ल्यान नाय तर?"

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांना समजलं असावं. खुर्ची ओढून त्या समोर बसल्या आणि सावकाश म्हणाल्या, "आजी, त्या बाईने काहीही केलं असतं, तरी जायचं ते गेलंच असतं. तिच्यामुळे नाही गेलं."

सासूबाईंनी मान हलवली. बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माका ह्या कोणी सांगूक नाय."

मला त्या वेळी जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. त्यांच्या मेलेल्या सासूवर तर होताच, पण त्याहून जास्त मला त्या सगळ्या डोहाळजेवणांचा आला, जिथे बायका ते ऐकत बसल्या आणि ओटी भरून घरी गेल्या. आपल्या भाषेने ते आधीच ठरवून ठेवलं होतं, कुणाला वाद घालावासाच वाटला नाही.

मला पुढेही महिनोन् महिने त्याच पलंगावर पडून राहायचं होतं, आणि मी राहिले. घाबरायची मोकळीक मिळाली म्हणून काही खोली मोठी झाली नाही. रोज टाका सुटेल असं वाटायचं आणि रोज मी घाबरायची. फरक इतकाच, की सासूबाई आता दाराशी न थांबता आत येऊन बसायच्या. अशाच एका दुपारी, तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "चेडू होता." म्हणजे मुलगी. आणि त्यांनी मनात ठरवलेलं नाव सांगितलं. ते त्यांनी आपल्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, सासूला तर नाहीच. आज पहिल्यांदा तोंडातून बाहेर काढत होत्या, म्हणून ते उच्चारताना जरा अडखळल्या. मी ते इथे लिहीत नाही.

आमची मुलगी भरल्या दिवसांची झाली. बारशाच्या आदल्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, की मला तेच नाव ठेवायचंय, तुमचंच. बाळ त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी त्याच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"नको गो," त्या म्हणाल्या. "ह्येका दुसरा ठेव. ता नाव तिचा आसा."